गिरणी आढळली नाही

सोसायटीची नोटीस दाराला वाकडी चिकटवलेली होती. ग्रंथपालांना पहिला राग आला तो त्या वाकडेपणाचा. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या सरळ चिकटवण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्याला दुसरं काही आधी दिसतच नाही. मग त्यांनी मान तिरकी करून मजकूर वाचला, आणि वाकडेपणा हा त्या नोटिशीचा सगळ्यात सौम्य दोष ठरला.

'आपल्या सदनिकेत पिठाची गिरणी चालत असल्याबद्दल समितीकडे तोंडी विचारणा झाली आहे. निवासी जागेत दळणाचा व्यवसाय करता येत नाही. समिती रविवारी संध्याकाळी पाहणीस येईल. पाहणीच्या वेळी गिरणी चालू ठेवावी.'

ग्रंथपाल नोटीस घेऊन आत आले आणि खुर्चीत बसले. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी कसलाच व्यवसाय केलेला नव्हता. करायला घेतला असता तर बुडाला असता, ही गोष्ट वेगळी. वाचनालयात लोकांनी त्यांना विसराळू म्हटलं होतं, एका वाचकाने तर तोंडावर खडूस म्हटलं होतं, पण गिरणीवाला कुणी म्हटलं नव्हतं.

"अगं, हे बघ," ते म्हणाले.

उत्तर आलं नाही. येणं शक्यच नव्हतं, कारण त्या वेळी गिरणी चालू होती.

गिरणी म्हणजे सिस्टरांचा कॉम्प्युटर. सिस्टर म्हणजे ग्रंथपालांची बायको. एका मोठ्या इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सगळी जबाबदारी सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण इमारतीत लहानथोर अजून त्यांना सिस्टरच म्हणत. नवराही समोर 'अगं' म्हणे आणि मनात सिस्टर. लेकीने आपला जुना कॉम्प्युटर टाकून देण्याऐवजी आईबापांकडे आणून ठेवला, त्यात एक खेळ होता, आणि सिस्टरांनी तो एकदा उघडून पाहिला. तिथून पुढे घराला वेगळं वळण लागलं.

खेळ असा: समुद्रात एक बेट, बेटावर दीपगृह. चारी बाजूंनी होड्यांतून चाचे येतात. आपल्या तुकडीने रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. ही रात्र अर्थात खेळातली, बाहेर चांगली संध्याकाळ असते. उजाडलं की जिंकलो. सिस्टरांच्या तुकडीत कुठल्या कुठल्या गावांतली आणखी तीन माणसं होती. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. एकाने आपलं नाव गोगलगाय ठेवलं होतं, एकाने वीजबिल आणि एकाने मामा. तुकडीची प्रमुख कोण, हा प्रश्न पहिल्या दिवशी पहिल्या होडीबरोबरच सुटला. गोगलगाय घाबरून किंचाळला, तेव्हा सिस्टर कानावरच्या माइकमध्ये एवढंच म्हणाल्या, "ओरडून रक्त थांबत नाही. कापूस कुठाय?" खेळात कापूस नव्हता. पण तिघांनाही एकदम धीर आला.

ग्रंथपालांनीही एकदा तो खेळ खेळून पाहिला होता. ते सरळ चालत समुद्रात गेले. त्यानंतर ते नुसते बघत. सिस्टरांची बोटं कळफलकावर अशी चालत की त्यांना वाटे, आपण एवढी पुस्तकं वाचली पण इतक्या सहजपणे आपल्याला कधी काही करता आलं नाही. असा विचार त्यांना दिवसातून बऱ्याचदा येई, वेगवेगळ्या निमित्तांनी.

अडचण आवाजाची होती. खेळ रंगात आला की तो जुना डबा तापायचा, आतले पंखे जिवाच्या आकांताने फिरायचे, आणि जात्यात दगड पडल्यासारखी घरघर सुरू व्हायची. ग्रंथपाल त्याच खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत वाचायला बसत. चाचे आले की त्यांची ओळ हरवे. मग तीच ओळ पुन्हा. एक कादंबरी त्यांनी पावसाळ्याआधी उघडली होती, तिचा नायक अजून स्टेशनवरच उभा होता.

त्या संध्याकाळी सिस्टरांनी नोटीस वाचली, कॉम्प्युटर बंद केला, आणि खोलीत एकदम पोकळी झाली.

"मी हा मागच्या खोलीत हलवते," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचन होत नाही, शेजाऱ्यांना त्रास. तिकडे दार लावून खेळत जाईन."

आता इथे ग्रंथपालांना जे म्हणायचं होतं ते असं: तू आयुष्यभर पाळ्या केल्यास. मी घरी यायचो तेव्हा तू निघालेली असायचीस. आता कुठे संध्याकाळी एका खोलीत दोघं बसतो आहोत, तर तू दार लावून घेऊ नकोस. हे सगळं घशापर्यंत आलं. पण त्यांच्या घशापर्यंत आलेल्या गोष्टी तिथून परत जातात, ही जुनी सवय. तोंडातून बाहेर पडलं ते निराळंच.

"मागच्या खोलीत ओल आहे. मशीन खराब होईल."

"मग?"

"मी तुला नवा करून देतो. बिनआवाजाचा."

"करून म्हणजे? विकत आणून?"

"जोडून," ग्रंथपाल म्हणाले आणि स्वतःच दचकले. "सुटे भाग आणून. शांतता हा माझा विषय आहे."

सिस्टरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ताप किती असेल याचा अंदाज घेताना त्या असंच बघत. पण हसल्या नाहीत. त्यांचा हा मोठेपणा ग्रंथपालांच्या कायम लक्षात राहिला.

त्यांनी अभ्यास वाचनालयातच केला, कारण दुसरीकडे अभ्यास कसा करतात ते त्यांना माहीत नव्हतं. कॉम्प्युटर तापतो, म्हणून पंखा लागतो. पंखा छोटा असला तर जोरात फिरतो आणि किंचाळतो. मोठा असला तर सावकाश फिरून तेवढंच काम करतो आणि गप्प बसतो. हे वाचून त्यांना फार बरं वाटलं. वाचनालयातल्या कर्मचाऱ्यांबद्दल त्यांचं हेच मत होतं.

बातमी जिन्यातून वर गेली आणि वरच्या मजल्यावरून धरणवाले खाली आले. हे निवृत्त इंजिनीयर. जन्मभर धरणं बांधली, त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक अडचण पाण्याची वाटे. सोसायटीच्या समितीवरही होते. त्यांनी कोच ओढून घेतला आणि विचारलं, "तुमचा सांडवा कुठाय?"

"आमचा काय?"

"सांडवा हो. धरणात पाणी आलं की जादाचं बाहेर जायला वाट लागते की नाही? तुमच्या डब्यात हवा येणार. आली ती जाणार कुठून? सगळेच्या सगळे पंखे आत हवा घ्यायला लावाल आणि बसाल. माणसं हेच करतात. पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. लिहून घ्या."

ग्रंथपालांनी लिहून घेतलं नाही, पण त्यांना मनापासून कौतुक वाटलं. आपल्या विषयात मुरलेला माणूस दुसऱ्याच्या विषयात शिरला तरी किती नेमकं बोलतो! मग त्यांनी जरा भीत भीत नोटिशीचा विषय काढला.

"ही तोंडी विचारणा कुणी केली असेल हो?"

धरणवाल्यांनी खाकरून घसा साफ केला. "मी केली. पण तक्रार म्हणून नाही, आईशप्पत! आमच्या घरी गहू पडलेत. आवाज ऐकला, म्हटलं खालीच सोय झाली तर बरं. सेक्रेटरींना नुसतं विचारलं, ग्रंथपाल बाहेरचं दळण घेतात का?"

"मग समितीला सांगा ना तसं."

"सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, नोटीस एकदा निघाली की ती पाहणी झाल्याशिवाय मागे घेता येत नाही. आणि पाहणीला मीच येणार आहे."

सेक्रेटरी वाईट गृहस्थ नव्हते. नियमावर त्यांचं खरं प्रेम होतं, जसं काहींचं बागेवर असतं. त्यांच्या चपला करकरत, त्यामुळे ते जिन्यात कुठवर आलेत ते सगळ्या इमारतीला कळे. तेही सल्ला द्यायला आले. "काका, एवढं कशाला करता? मशीन सरळ रजईत गुंडाळा. आवाज गायब."

आतून सिस्टर म्हणाल्या, "तापाच्या पेशंटला रजईत गुंडाळलं तर तोही गप्प होतो. कायमचा."

सेक्रेटरी करकरत उतरून गेले.

शनिवारी सकाळी ग्रंथपाल सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर क्रमांक. ग्रंथपालांना आत शिरताच घरच्यासारखं वाटलं. दुकानदार तिशीतला, उत्साही, बोलण्यात अखंड.

"नातवाला पाहिजे का, काका?"

"नाही. बायकोला."

दुकानदाराने एक खोकं खाली काढलं. "काय खेळतात?"

ग्रंथपालांनी दीपगृह सांगितलं. तुकडीत नाव सिस्टर, हेही सांगितलं. दुकानदाराच्या हातातलं खोकं टेबलावर आलं. "ती सिस्टर? पायऱ्यांवर एकटीने होडी अडवणारी? काका, आमच्या तुकडीतली पोरं तिचा खेळ बघून शिकतात!" मग त्याने दुकानातलं सगळ्यात मोठं, सगळ्यात जड, काळं कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, स्वतः उचलून आणलं. आतून जाड नमदा लावलेला, आवाज गिळायला. जाळ्या धूळ अडवणाऱ्या. पंखे ताटाएवढे. पंख्याखाली रबराच्या गुंड्या, थरथर पोचू नये म्हणून. ग्रंथपाल एकेक वस्तू हातात घेऊन बघत होते आणि माणसाने केवळ गप्प राहण्यासाठी किती डोकं चालवलंय याचं त्यांना अपार नवल वाटत होतं.

"लाईट कुठल्या रंगाचे देऊ? आतून लाल, निळा, जांभळा, फिरता—"

"लाईट नकोत."

"एकही नको?"

"दिवा आहे तिचा. दीपगृहावर."

दुकानदाराला हे इतकं आवडलं की त्याने ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊन सांगितलं. परत येऊन तो म्हणाला, "आणि पेस्ट विसरू नका. खरं काम तिचंच. प्रोसेसरवर पेस्ट लावायची, वरून कूलर दाबून बसवायचा. थर पातळ पाहिजे. पेस्ट आहे ना घरी, की देऊ?"

ग्रंथपाल प्रथमच मोकळेपणाने हसले. "घरी पेस्ट नाही असा दिवस माझ्या आयुष्यात उगवलेला नाही. आणि थराचं म्हणाल, तर माझा थर बोटाला लागत नाही."

दुकानदाराने त्यांच्याकडे आदराने पाहिलं. ग्रंथपालांनीही दुकानदाराकडे आदराने पाहिलं. दोघांच्या मनात एकमेकांबद्दल सद्भावच होता, फक्त पेस्ट वेगवेगळी होती.

ग्रंथपालांची पेस्ट म्हणजे खळ. मैदा पाण्यात शिजवायचा, गुठळी होऊ द्यायची नाही, किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. वाचनालयात फाटकी पुस्तकं त्यांनी याच खळीने पुन्हा उभी केली होती, आणि निवृत्तीनंतरही घरात एक भांडं कायम तयार असे. कूलरच्या खोक्यात एक करंगळीएवढी नळीही निघाली. तिच्यात करड्या रंगाचं काहीतरी होतं. त्यांनी ते शब्दकोशाच्या पाठीवर एक चिठ्ठी चिकटवून तपासलं. चिठ्ठी चिकटली तर नाहीच, उलट हळूहळू घसरत खालच्या कप्प्यात गेली. बाकी सगळं इतकं हुशारीने करणाऱ्या लोकांना साधं चिकटवण्यातलं काही कळत नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. त्यांनी नळी फेकली मात्र नाही. ते काहीच फेकत नाहीत.

दुपारी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली गेली. ती सिस्टरांनीच अंथरली, चारी कोपरे दुमडून. मग हात धुऊन त्या नवऱ्याच्या उजव्या बाजूला उभ्या राहिल्या.

"तू बस की," ग्रंथपाल म्हणाले.

"मी अशीच उभी राहते."

आणि मग जे झालं त्याची आठवण ग्रंथपाल पुढे किती तरी दिवस पुरवून पुरवून काढत होते. त्यांनी नुसता हात पुढे करावा आणि हवा तो स्क्रू तळहातावर यावा. न मागता पेचकस, न मागता चिमटा. वायर कुठे जाते हे शोधत ते वाकले, की उजेड आपोआप तिथे पडे. सिस्टर एक शब्द बोलत नव्हत्या. इतकी वर्षं ही बाई रोज हेच करत होती, परक्या माणसांसाठी, दुसऱ्या कुणाच्या उजव्या हाताला उभी राहून. आणि आपण त्या वेळी पुस्तकांना चिठ्ठ्या लावत होतो. त्यांच्या मनात आलं, हे हिला सांगावं. ते म्हणाले, "छोटा स्क्रू."

तो आधीच हातात होता.

मग त्यांनी खळीचं भांडं जवळ घेतलं, ब्रश बुडवला, आणि प्रोसेसरवर असा एकसारखा, आरशासारखा थर दिला की कुठल्याही बांधणीकाराने बघत राहावं. वर कूलर बसवला. दाबला. कडेला आलेली खळ कापडाने टिपली. सिस्टरांनी ते पाहिलं, भुवई किंचित उचलली आणि खाली ठेवली. सर्जन काय लावतोय ते टेबलाशी विचारायचं नसतं, अशी त्यांची शिस्त होती.

धरणवाले येऊन सांडवा बघून गेले. प्रत्येक पंख्याच्या कडेला हवा कुठे जाते ते दाखवणारा बाण असतो, तो त्यांनी चष्मा लावून तपासला आणि मोठ्या धरणाचं उद्घाटन व्हावं तशा आवाजात म्हणाले, "सोडा पाणी!"

ग्रंथपालांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही.

"लागला नाही वाटतं," धरणवाले हळहळले.

पण पडद्यावर उजेड आला. समुद्र दिसला. दीपगृह उभं राहिलं. आणि खोलीत मात्र अक्षरशः काही ऐकू येत नव्हतं. ग्रंथपालांनी कॅबिनेटवर हात ठेवला. आत काहीतरी झोपेत श्वास घेतल्यासारखं हलत होतं, तेवढंच. धरणवाल्यांनी त्यांच्या पाठीवर जी थाप मारली ती त्या खोलीतला त्या दिवसाचा सगळ्यात मोठा आवाज होता.

सिस्टर खेळायला बसल्या. तुकडीची आज तालीम होती. खरी फेरी उद्या, रविवारी. उजाडेपर्यंत दिवा टिकवणं त्यांना अजून एकदाही जमलेलं नव्हतं. दर वेळी खेळातल्या पहाटेच्या सुमाराला जुना डबा तापून गोठायचा आणि बेटावर सिस्टर पुतळा होऊन उभ्या राहायच्या. आज मात्र होड्यांवर होड्या परतत होत्या. ग्रंथपालांनी खुर्चीत बसून कादंबरी उघडली. नायक गाडीत चढला!

आणि मग वास आला.

आधी मंद, चांगला वास. भट्टीतून पाव निघावा तसा. ग्रंथपालांना वाटलं, कुणाकडे तरी काहीतरी भाजतंय. मग तो खरपूस झाला, मग करपट. पडद्यावर पूर्वेला जरा उजळलं होतं, सिस्टर पायऱ्यांवर उभ्या होत्या, गोगलगाय ओरडत होता, "सिस्टर, थोडंच राहिलं!" आणि सगळं काळं झालं. खटकन.

जिन्यात चपला करकरल्या. दारात सेक्रेटरी उभे होते, नाक वर केलेलं.

"काका," ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "गिरणी होती, ते समजू शकतो. पण आता बेकरीसुद्धा?"

"अहो, कसली बेकरी—"

"वास सगळ्या जिन्यात आहे. दळताही इथेच, भाजताही इथेच. उद्याच्या पाहणीत दोन्ही विषय घ्यावे लागतील." जाता जाता थांबून त्यांनी विचारलं, "पाव पांढरा की गव्हाचा?"

दार लागलं. सिस्टरांनी कानावरचा माइक काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "असू दे. तुम्ही फार कष्ट घेतलेत. उद्या सकाळी आपण जुनाच मागच्या खोलीत लावू. ओल काय, पुसता येते."

ग्रंथपालांनी मान हलवली. मनात सगळं उलटसुलट झालं होतं. आपल्याला काहीही जमत नाही ही गोष्ट त्यांना नवी नव्हती, पण आज ती चादरीवर मांडून, सिस्टरांच्या हातून उजेड पाडून, सगळ्यांना दाखवून झाली होती.

सकाळी मागच्या खोलीतली ओल पुसायला सिस्टर फडकं शोधत होत्या. ग्रंथपाल निरोप घ्यायला गेल्यासारखे काळ्या कॅबिनेटपाशी उभे राहिले. झाकण काढलं. वास अजून होता. आणि एकाएकी त्यांच्या नाकाला ओळख पटली. हा पाव नव्हे. पावाला मोरचुदाची झाक नसते. एकदा वाचनालयात खळीचं भांडं शेगडीवर विसरलं होतं तेव्हा हाच वास आठवडाभर इतिहास विभागात राहिला होता.

"अगं," ते म्हणाले. "ती पेस्ट म्हणजे खळ नव्हे."

सिस्टर फडकं घेऊन दारात आल्या. "काय नव्हे?"

"चिकटवायची नाहीच ती! उष्णता पोचवायची. खालून वर, कूलरपर्यंत. मी मध्ये पोळी भाजत ठेवली."

सिस्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ग्रंथपालांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्या दाराला टेकून, फडकं तोंडावर धरून हसत होत्या. "मला वाटलंच होतं. भुवईसुद्धा उचलली मी."

"मग बोलली का नाहीस?"

"टेबलाशी बोलायचं नसतं हो!"

पण कूलर निघेना. ग्रंथपालांची खळ ती. ती सहज सुटली असती तर त्यांनाच लाज वाटली असती. सिस्टर म्हणाल्या, "ओढू का?" आणि इथे मात्र ग्रंथपालांच्या अंगात एकदम वाचनालय संचारलं. "ओढायचं नाही!" ते म्हणाले. जुन्या पुस्तकाचं कव्हर सुटं करताना ओढलं की पान फाटतं. त्याला ओल द्यायची, वाट बघायची. त्यांनी वीज तोडली, कोमट पाण्यात कापूस बुडवून घट्ट पिळला आणि फटीच्या कडेला धरला. पाणी गळेल इतकं नाही, खळीला आठवण होईल इतकंच. सिस्टर कापूस बदलून देत होत्या. मग हलकेच, झाकण फिरवावं तसं, आणि कूलर हातात आला. खाली प्रोसेसर, त्यावर खरपूस, सोनेरी, अतिशय एकसारखी पापडी.

"थर मात्र सुंदर होता," सिस्टर म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

पापडी निघाली, सगळं कोरडं झालं, पुसून पुन्हा कोरडं झालं. मग ग्रंथपालांनी पुस्तकांच्या कप्प्यातून ती करंगळीएवढी नळी आणली. शब्दकोशावर उधळून उरलं होतं ते वाटाण्याएवढं. लागतं तेवढंच, असं खोक्यावरच्या चित्रात दिसत होतं.

संध्याकाळी समिती आली. समिती म्हणजे सेक्रेटरी आणि धरणवाले. सिस्टर पाठमोऱ्या, पडद्यासमोर. फेरी सुरू होऊन बराच वेळ झाला होता. ग्रंथपाल खुर्चीत, मांडीवर कादंबरी.

सेक्रेटरींनी चौफेर नजर टाकली, नाक वर करून हुंगलं, आणि म्हणाले, "काका, नोटिशीत स्पष्ट म्हटलं होतं, पाहणीच्या वेळी गिरणी चालू ठेवावी."

"चालूच आहे."

"आवाज येत नाहीये."

"हो."

सेक्रेटरी करकरत कॅबिनेटपाशी गेले, वाकले, कान लावला. धरणवाले मागच्या जाळीवर तळहात धरून समाधानाने म्हणाले, "सांडवा वाहतोय." त्या खोलीत आता ऐकू येत होत्या फक्त सेक्रेटरींच्या चपला. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, करकर. मागे सरले, करकर. पडद्यावर धुक्यातून होड्या येत होत्या, वीजबिल पडला होता, मामा जखमी होता. सिस्टर सांगत होत्या, "गोगलगाय, घाबरायचं नाही. मामाला धर. श्वास घे, मग धर." आणि सेक्रेटरींनी घसा साफ करून विचारलं, "मग बेकरीच्या विषयाचं—"

"शू!"

तो आवाज ग्रंथपालांचा होता. ते उभे राहिले होते, बोट ओठांवर होतं, आणि भल्याभल्या प्राध्यापकांना वाचनालयात जागच्या जागी बसवणारी ती नजर निवृत्तीनंतर प्रथमच बाहेर पडली होती. सेक्रेटरी गप्प झाले. एवढंच नव्हे, त्यांनी चपला काढून हातात घेतल्या.

आणि मग कुणी हललं नाही. पूर्वेला फिकट रेघ उमटली. एक होडी खडकांमागून येत होती ती सेक्रेटरींना दिसली आणि ते कुजबुजले, "सिस्टर, डावीकडे... डावीकडे हो!" सिस्टरांना ती केव्हाच दिसली होती. त्या पायऱ्यांवर एकट्या उभ्या राहिल्या आणि आधीची घाई न करता, नंतरची पर्वा न करता, एकेक चाचा असा परतवला जसा एकेक टाका घालतात. बेटावर ऊन पडलं. दिवा जळतच होता.

माइकमधून तीन माणसांचा आरडाओरडा ऐकू आला. सिस्टर म्हणाल्या, "शाबास. आता सगळे पाणी प्या."

सेक्रेटरींनी डोळे पुसले. पुसताना हातातल्या चपलेचा पट्टा नाकाला लागला. पाहणीचा निष्कर्ष त्यांनी तिथेच, उभ्याउभ्या, धरणवाल्यांच्या साक्षीने जाहीर केला: गिरणी आढळली नाही. बेकरीही आढळली नाही. मग जरा खालच्या आवाजात, नियमाबाहेर, विचारलं, "पुढची फेरी कधी असते, सिस्टर?"

"गहू मात्र तसेच राहिले," असं म्हणत धरणवाले वर गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात दोघांशिवाय कुणी नव्हतं. सिस्टर पडद्यासमोर, ग्रंथपाल खिडकीजवळ. मध्ये ते काळं कॅबिनेट आपलं काम करत होतं आणि त्याबद्दल कुणाला काही सांगत नव्हतं. इतके महिने ग्रंथपालांनी मागितली होती ती शांतता ही. ते मांडीवर कादंबरी उघडी ठेवून बसले होते, आणि बघत होते सिस्टरांच्या बोटांकडे. आता घरघर नसल्याने त्या खेळताना अगदी हळू, स्वतःशी काय बोलतात तेही ऐकू येत होतं. "हां. ये बाळा. अस्सं." कादंबरीचा नायक गाडीत बसून कुठल्या गावी गेला, याची त्यांना काही खबर नव्हती.

पाठ न वळवता सिस्टर म्हणाल्या, "का हो, वाचत नाही आहात?"

"वाचतोय की."

"पान उलटल्याचा आवाज येत नाही." एक होडी परतवून झाल्यावर त्या पुढे म्हणाल्या, "त्या जुन्या डब्यामुळे इतके दिवस ऐकूच येत नव्हता. चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं मला."

ग्रंथपालांच्या घशापर्यंत बरंच काही आलं आणि नेहमीच्या वाटेने परत गेलं. त्यांनी चष्मा सारखा केला, आणि एक ओळही न वाचता, जरा आवाज होईल असं, पान उलटलं.